पेढीपासून पदवीपर्यंत : मालवाहतुकीच्या शिक्षणाची वाटचाल

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान दुधनी हे स्थानक आहे. अक्कलकोट तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या अगदी काठावर वसलेले. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसून व्यवहार करतात. तूर, हरभरा, मूग, उडीद आणि ज्वारी यांची ही पेठ. भोवतालच्या काळ्या जमिनीत पिकलेले धान्य येथे येते, त्याचा लिलाव होतो, वजन होते, पोती शिवली जातात आणि दूरच्या गावांना रवाना होतात. पिकविणारा एकीकडे आणि खाणारा शेकडो कोसांवर. या दोहोंमधील अंतर काटणे हाच या पेठेचा पिढीजात धंदा होय. आज या विद्येला ‘लॉजिस्टिक्स’ आणि ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ अशी नावे मिळाली असून तिच्या रीतसर पदव्या दिल्या जातात. ही विद्या पूर्वी कोण शिकवीत होते, ती कोणाला मिळत होती आणि त्या शिकवणुकीत काय उणे राहिले, याचा मागोवा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घेणे उचित ठरेल.

रेल्वे येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरील धान्य लमाणांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर लादलेल्या गोण्यांतून फिरत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग पुण्याकडे व तेथून सोलापूरकडे सरकू लागला. सोलापूरला गाडी १८६० साली पोचली. पण बोरघाटातील मार्ग पूर्ण होण्यास १८६३ साल उजाडले. मधली जवळजवळ तीन वर्षे देशावरचा माल गाडीने खंडाळ्यापर्यंत जाई, तेथे उतरे, घाट ओलांडून खोपोलीस येई आणि पुन्हा गाडीत चढे. रूळ दोन्ही बाजूंना होते, गाड्याही होत्या. तरी मधल्या काही मैलांच्या उतारावर सारा खोळंबा होई. वाटेतील सर्वांत कच्चा दुवाच साऱ्या वाटेचा वेग ठरवितो, हा या शास्त्रातील पहिला धडा आजही विद्यार्थ्यांना शिकविला जातो. येथील व्यापाऱ्यांनी तो स्वतःच्या पदरच्या खर्चाने गिरविला होता.

सोलापूरच्या पुढे मार्ग वाढत गेला आणि १८७१ साली रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. मुंबई आणि मद्रास ही दोन बंदरे जोडली गेली व त्या लांबलचक रेषेवर दुधनीला जागा मिळाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सोलापूर जिल्हा त्यात अतिशय होरपळला. या वेळी रेल्वे हाताशी होती, दूरच्या प्रांतांतून धान्य आणता येत होते. मात्र चाऱ्याअभावी बैल मेले होते, आणि स्थानकावर उतरलेले धान्य आतल्या खेड्यापर्यंत नेणे ही वेगळीच अडचण होऊन बसली. धान्य देशात असणे, ते स्थानकावर असणे आणि ते भुकेल्या माणसाच्या हाती पडणे या तीन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दुष्काळाने फार क्रूरपणे दाखवून दिले.

मालाची ने-आण ही विद्या त्या काळी कोणत्याही शाळेत शिकविली जात नव्हती. तिचे विद्यालय म्हणजे पेढी. बारा-चौदा वर्षांचा मुलगा आडत दुकानात बसू लागे तो आधी गादीवर नव्हे, तर दाराशी. प्रथम त्याने बारदान मोजायचे, फाटकी पोती वेगळी काढायची, सुतळीचा हिशेब ठेवायचा. मग मालाची ओळख. पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेले दाणे तळहातावर घेऊन तूर कोणत्या भागातील, किती वाळलेली, डाळ किती पडेल, हे त्याने सांगायचे; दाताखाली दाणा फोडून ओलावा ओळखायचा. वजनाच्या काट्याजवळ उभे राहून तोलणाराचा पुकारा आणि वहीतील आकडा जुळतो की नाही ते पाहायचे. त्यानंतर कोठे त्याला मालधक्क्यावर पाठविले जाई.

मालधक्का हा या शिक्षणाचा खरा वर्ग होता. वाघिणींची मागणी केव्हा नोंदवायची, वाघीण लागल्यापासून भरण्यास किती वेळ मिळतो, तो टळला तर डेमरेज किती बसते, पावसाळ्यात वाघिणीच्या छताला भोक आहे का हे आत उभे राहून दार लावून कसे पाहायचे, रेल्वे पावतीवर पोत्यांची संख्या व मालाची अवस्था काय लिहिली जाते आणि त्या एका शब्दावर पुढे नुकसानभरपाईचा दावा कसा उभा राहतो किंवा कोसळतो, हे सारे तेथे समजे. रेल्वे पावती हा नुसता कागद नव्हे. ज्याच्या हाती पावती त्याच्या हाती माल. पावती पेढीकडे किंवा बँकेकडे पाठवायची, तिकडे पैसे भरल्यावर ती सोडवायची आणि मग माल उचलायचा, अशी ही रीत होती. हुंडी आणि पावती यांची गाठ ज्याला समजली, त्याला पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारातील जहाजी पावती समजण्यास अडचण पडत नसे, कारण तत्त्व तेच आहे.

सरहद्दीवरील पेठेत आणखी एक विषय शिकावा लागे. दुधनीच्या पलीकडे निजामाचे राज्य. तेथे हाली सिक्का चालत असे, इकडे कलदार रुपया. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, असे ढोबळ प्रमाण. हद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामी राज्याची करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. त्यामुळे येथील दिवाणजीला दोन नाणी, दोन राज्यांचे नियम आणि दोन भाषा यांचा मेळ रोजच्या रोज घालावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत गुलबर्गा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले आणि हद्दीचे स्वरूप पालटले. हद्द मात्र राहिलीच. आणि हद्दीवरील व्यापाऱ्याने दोन्हीकडचे कायदे जाणावेत, ही गरजही राहिली.

पेढीच्या या शिक्षणाचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. हे विद्यालय सर्वांना खुले नव्हते. ते मुलाला, पुतण्याला, भाच्याला, फार तर नात्यातील एखाद्या गरजू मुलाला मिळे. घरातील मुलीला आकडेमोड येत असली तरी तिचा पाय मालधक्क्यावर पडत नसे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाच्या मुलाला पोत्याचे वजन ठाऊक असे. पोत्याचा भाव व त्याची वाट ठाऊक होण्याची सोय नव्हती. शिवाय हे ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते. एखादा जुना मुनीम गेला, की चाळीस वर्षांचा अनुभव त्याच्याबरोबर जाई.

धर्मपाठशाळेतील शिकवणुकीचा या धंद्याशी असलेला संबंध येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण तो वाटतो त्याहून जवळचा आहे. श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील अचौर्यव्रताच्या अतिचारांत कमी-जास्त मापे ठेवणे, भेसळीचा व्यवहार करणे आणि राज्याचे निर्बंध डावलून व्यापार करणे यांचा समावेश होतो. अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे, म्हणजे प्राण्यावर शक्तीबाहेर भार लादणे. तांड्याच्या बैलाला लागू असलेला हा नियम माणसाच्या पाठीला लागू करण्यास जगाला फार वेळ लागला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारी पिढी आजही गावोगावी सापडेल. पाठशाळेत अतिचार पाठ करणारा मुलगा दुपारी दुकानात तेच पोते उचललेले पाहत होता. दोहोंचा संबंध त्याला कोणी जोडून दाखविला असेल, तर तो शिक्षक खरोखर थोर म्हटला पाहिजे.

पेढीवरील शिक्षणाची झेप किती असू शकते आणि ते कोठे अपुरे पडते, या दोन्हींचे उत्तर सोलापूरच्याच एका जैन घराण्यात मिळते. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला आणि पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये सुरू झालेली ही अरुंद मार्गाची रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर व मिरज येथपर्यंत वाढली. पेढीचा हिशेब आणि रेल्वे कारकुनाचे कामाचे ज्ञान यांची ही जोडी होती. दोहोंपैकी एकट्याला ते काम साधले नसते, असे मानण्यास जागा आहे.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेण्यात आले व ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढचा इतिहास मात्र एवढा उत्साहाचा नाही. ‘लॉयल्टी’ मूळचे प्रवासी जहाज, मालासाठी गैरसोयीचे. प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीला जेरीस आणले आणि १९२३ मध्ये झालेल्या कराराने सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले.

या झगड्याची चर्चा नेहमी भाड्याच्या अंगाने होते. शिक्षणाच्या अंगाने ती क्वचितच होते. वास्तविक खरी कोंडी तेथे होती. कंपनी हिंदी, भांडवल हिंदी, जहाजावरील खलाशी हिंदी; परंतु जहाज चालविण्याचा परवाना असलेले अधिकारी हिंदी नव्हते, कारण हिंदी तरुणांना ते शिक्षण देण्याची देशात सोय नव्हती आणि ब्रिटिश कंपन्या त्यांना उमेदवार म्हणून घेण्यास तयार नव्हत्या. जहाज विकत घेता येते, कप्तान विकत घेता येत नाही. तो घडवावा लागतो. १९२३ साली नेमलेल्या हिंदी व्यापारी नौकानयन समितीने प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली आणि १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरीन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या छात्रांना सिंदिया कंपनीने आपल्या जहाजांवर जागा दिली. शिक्षण देणारी संस्था आणि शिकलेल्याला काम देणारी पेढी या दोन्ही एकाच वेळी असल्या, तरच विद्या रुजते. नुसते ‘डफरीन’ असते तर छात्र किनाऱ्यावरच राहिले असते. ‘डफरीन’चे काम १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ या जहाजाने पुढे चालविले.

सिंदियाच्या स्थापनेच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तेही जैन कुटुंबातील. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत काम हे शिक्षणाच्या आड येणारे नव्हते, ते शिक्षणाचाच भाग होते. सोलापूरच्या शेठजींचे जहाज आणि कुंभोजच्या कर्मवीरांचे वसतिगृह यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही हात आणि वही एकत्र आणण्याचा प्रयत्न दोन्हीकडे दिसतो.

स्वातंत्र्यानंतर जैन समाजाने शिक्षणसंस्था उभारण्यात हात आखडता घेतला नाही. सांगलीतील १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सोलापुरात श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा या संस्थेने कला, शास्त्र व वाणिज्य महाविद्यालये चालविली आणि १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन केली. अभियंते, डॉक्टर, सनदी लेखापाल घडले. परंतु ज्या धंद्यावर या समाजाची पेठांतून उपजीविका चालली, त्या मालवाहतुकीला अभ्यासक्रमात मिळालेली जागा किती? बारावीच्या वाणिज्य संघटन या विषयातील ‘व्यवसाय सेवा’ या प्रकरणात बँक व विमा यांच्या सोबतीने वाहतूक आणि गोदाम यांची पाने येतात. दुधनीचा मुलगा सोलापुरात वसतिगृहात राहून ती पाने पाठ करी आणि सुटीत घरी आल्यावर वडिलांच्या दुकानातील व्यवहार हा त्याच विषयाचा विस्तार आहे, हे त्याला जाणवतही नसे. घरचा धंदा म्हणजे अडाण्याचा धंदा अशी समजूत त्यातूनच बळावली आणि शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे निघून गेली.

दरम्यान बाहेरचे जग पालटत होते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. धान्य साठविण्यासाठी केंद्रीय वखार महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ मध्येच स्थापन झाली होती. रेल्वेच्या वाघिणीची जागा हळूहळू ट्रकने घेतली. आडत दुकानातून थेट डाळमिलच्या दारात माल पोचू लागला. त्या सोयीबरोबर मालधक्क्यावरील ते शिक्षणही आटले, कारण बिल्टी फाडणे ट्रान्सपोर्टवाल्याचे काम झाले.

गोदामाच्या क्षेत्रातील बदल दुधनीला अधिक जवळचा आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकऱ्याने तूर, मूग, उडीद बाजार समितीच्या गोदामात ठेवावा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घेऊन भाव सुधारेपर्यंत थांबावे, असा तिचा हेतू. त्यानंतर गोदाम विकास व नियमन कायदा २००७ मध्ये झाला, २०१० मध्ये अमलात आला आणि २०१७ पासून गोदाम पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली. ही पावती हस्तांतरित करता येते, बँकेकडे तारण ठेवता येते. जुन्या रेल्वे पावतीचीच ही नात म्हणावी. मात्र तिच्यावर विश्वास बसण्यासाठी गोदामातील माणूस शिकलेला हवा. धान्याचा नमुना कसा घ्यावा, ओलावा यंत्राने कसा मोजावा, आधी आलेला माल आधी बाहेर कसा काढावा, आणि कडधान्यातील भुंगा होऊ नये म्हणून माल साठविण्यापूर्वी किती वाळवावा, हे त्याला आले पाहिजे. कीड लागल्यावर मारण्यापेक्षा ती लागूच न देणे हे जैन घरातील धान्याच्या कोठीचे जुने धोरण आधुनिक गोदामशास्त्रालाही मान्य आहे, एवढेच नव्हे तर ते स्वस्तही पडते.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. करोडगिरीच्या काळापासून सरहद्दीवरील पेठेत जो विषय तोंडी शिकविला जात होता, तो आता संगणकाच्या पडद्यावर आला. डिसेंबर २०२० मध्ये देशातील शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील माल किती दूर जाऊ शकतो हे साऱ्यांनी पाहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. देशाचा मालवाहतुकीवरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रशुद्ध अंदाजात तो आठ टक्क्यांच्या जवळपास आढळला. मोजल्यावाचून आकडा बोलू नये, हे पेढीवरचा जुना मुनीम पहिल्याच दिवशी सांगत असे.

शिक्षणाच्या सोयीही वाढल्या आहेत. वडोदरा येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्थेचे २०२२ मध्ये गतिशक्ती विश्वविद्यालय या केंद्रीय विद्यापीठात रूपांतर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारीचा काळ समाविष्ट करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि लॉजिस्टिक्समधील पदव्या त्या धर्तीवर चालू लागल्या. विद्यार्थ्याने काही सत्रे वर्गात आणि काही सत्रे प्रत्यक्ष गोदामात काढावयाची, त्या कामाचे श्रेयांक त्याला मिळावयाचे आणि विद्यावेतनही. पेढीवरील उमेदवारीशी याचे साम्य उघड आहे. फरक आहे तो प्रवेशाचा. या वर्गात भाचा असण्याची अट नाही. मुली येतात, हमालाचा मुलगाही येऊ शकतो.

तथापि या पदव्यांची जाहिरात करणाऱ्या सर्वच संस्था सारख्या नाहीत. काही ठिकाणी उमेदवारी म्हणजे वर्षभर पेट्यांवर चिकटपट्ट्या लावणे एवढेच होते आणि विद्यार्थी स्वस्त मजूर ठरतो. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. उमेदवारी कोणत्या कंपनीत, तेथे किती विभागांतून फिरविले जाणार, आणि मागील तुकडी आज कोठे काम करते? उत्तर देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तेथे शुल्क भरण्याची घाई करू नये. पेढीवरचा मुलगा बारदानापासून रेल्वे पावतीपर्यंत सर्व पायऱ्या चढत असे. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याहून कमी मिळता कामा नये.

या दृष्टीने दुधनीची पेठ हा तयार वर्ग आहे. तूर लिलावाच्या ओट्यावर आल्यापासून ट्रक गावाबाहेर पडेपर्यंत किती तास जातात, त्यांतील किती तास वजनासाठी, किती हमालांसाठी आणि किती नुसत्या थांबण्यात जातात. पोत्यामागे घट किती येते. ट्रक परतताना रिकामा येतो की भरलेला. यांची एका हंगामाची नोंदवही कोणा विद्यार्थ्याने ठेवली, तर तिच्यातून प्रकल्पही होईल आणि आडत्यालाही आपल्या धंद्यातील गळती दिसेल. त्यासाठी लागणारी परवानगी बाजार समितीची, वही दुकानदाराची आणि मार्गदर्शक महाविद्यालयाचा. नव्या तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीत वाढते, आणि महाविद्यालयांचे दुसरे सत्रही त्याच सुमारास सुरू होते.